परक्या रानातली येळवस

आमच्या गिरणीत डब्यावर नाव लिहायची पद्धत नव्हती. बसवकल्याणातल्या बाकीच्या गिरण्यांत खडूनं नाव घालायचे, आमच्याकडं मात्र सगळे डबे मायच्या डोक्यात असायचे. पोचा पडलेल्या झाकणाचा डबा कोणाचा, कोणाला ज्वारी जाडसर लागते, कोणाच्या घरी दात नसलेलं माणूस आहे म्हणून पीठ मऊ काढायचं, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. गिरणी चालवायचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पण लोक मायची गिरणी असंच म्हणायचे. गिरणीच्या मागंच आमचं घर. मधे एक दार, ते कधी लागत नसे, त्यामुळं आमच्या अंथरुणावर, देवावर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर पिठाचा एक हलका थर कायम असायचा. सकाळी पट्टा चढला की फळीवरची भांडी थरथरायला लागायची आणि घरातलं सगळं बोलणं ओरडून व्हायचं. मधेच वीज जायची. एकदम शांतता पडायची आणि त्या शांततेत मायचं अर्धं वाक्य मोठ्यानं बाहेर यायचं, "मीठ संपलंय गं!" असं काहीतरी, मग गिऱ्हाइकं हसायची आणि तीही पदर तोंडाला लावून हसायची.

मी एकुलता एक. त्या वर्षी नुकताच डिग्रीला गेलो होतो. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी एक बाई भगरीचा डबा घेऊन तावातावानं परत आली. उपासाच्या पिठात ज्वारी मिसळलेली. अण्णांनी मायकडं बघितलं. माय त्या डब्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की हा डबा तिच्यासमोर पहिल्यांदाच आलाय. "माझ्या हातनं कसं व्हईल?" एवढंच म्हणाली. अण्णांनी बाईला नवी भगर दिली आणि आत येऊन मायवर ओरडले. मग दोन-चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग पुन्हा. शेवटी अण्णांनी खडूचा डबा आणून ठेवला आणि स्वतः नावं घालायला लागले. माय पदरानं ती नावं पुसायची. "माझ्या डब्यांवर कोण रेघोट्या मारायलंय?" म्हणून माझ्यावर चिडायची. मला वाटायचं, अण्णांवरचा राग काढायली. अण्णांना वाटायचं, मुद्दाम करायली. दोघांनाही आपलं म्हणणं पटलेलं होतं आणि दोघांचंही चुकत होतं, पण बरोबर काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती तेव्हा जेमतेम पन्नाशीची. मी आता त्याच वयाकडं निघालोय. चष्मा कुठं ठेवला ते आठवलं नाही की बायको हसते. मला हसू येत नाही. मी चष्मा सापडेपर्यंत मनातल्या मनात शेजाऱ्यांची नावं म्हणत राहतो.

म्हाताऱ्यांना होतो तो विसराळूपणा माहीत होता सगळ्यांना. पण कष्टाची, चालती-बोलती बाई, केस काळे, अंगात ताकद, तिला काय झालं असेल? गल्लीत ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा. कोणी म्हणालं भानामती केलीय, गिरणी चांगली चालते ते बघवलं नाही कोणाला. कोणी म्हणालं हे वयच तसं असतं बायकांचं, निघून जाईल. अण्णांनी लिंबं उतरवली, दर्ग्यात नेलं, एका देवऋष्याकडून ताईत आणला. तो ताईत माय दुसऱ्याच दिवशी काढून कोणाच्या तरी पिठात टाकून बसली आणि पुन्हा एक भांडण झालं. शेवटी आम्ही कलबुर्गीला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मेंदूचा फोटो काढायला लावला, उजेडासमोर धरला आणि कन्नडमध्ये समजावून सांगितलं. मेंदू सुकत चाललाय. या वयात सहसा होत नाही, पण होतं कधी कधी. गेलेलं परत येणार नाही. गोळ्या चालू ठेवा, सांभाळा. अण्णांना कन्नड चांगलं येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. तरी बाहेर येऊन चहाच्या गाड्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हनला रे त्यो?" मी सगळं पुन्हा मराठीत सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सुकायलाय म्हंजे, पानी कमी पडायलंय का काय?" माय शेजारी बसून बशीत चहा ओतत होती. तिनं ती बशी आधी माझ्यापुढं केली आणि म्हणाली, "घे तम्मा, तू घे."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ठाणाकुशनूरला, तिच्या माहेरी, ती आपल्या भावाला तसं म्हणायची. तो मामा मी कधी पाहिलाच नाही, माझ्या जन्माआधीच तो गेला होता.

तिथून पुढं घर माझ्याकडं आलं. तसं कोणी ठरवलं नाही, पण गिरणी बंद ठेवली तर खायचं काय, म्हणून अण्णा पुढं आणि मी मागं. कॉलेज आपोआप सुटलं. मी भाकरी शिकलो. पहिल्या भाकरी मधे फुटायच्या, त्या माय हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि कौतुकानं खायची. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी शिकलो, शेंगाची चटणी कुटायला शिकलो. अंघोळीचं रझियाखाला बघायची. ती शेजारीण, मायची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. केस मात्र मीच विंचरायचो. लांब केस होते, कमरेखाली. आधी मला लाज वाटायची, दार लोटून घ्यायचो. नंतर वेणी इतकी चांगली जमायला लागली की खाला म्हणायची, "तेरी जोरू बडी नसीबवाली निकलनेवाली है बेटा."

पण मला कळत नसे ते हे, की मी तिचा कोण? सकाळी मी तम्मा असायचो. दुपारी कधी शाळेतले मास्तर, मग ती पदर सावरून उभी राहायची आणि मी सांगितल्याशिवाय बसायची नाही. कधी नुसताच "अहो, जरा ऐका" असा कोणी परका. आणि अधूनमधून, काही कारण नसताना, एकदम माझं खरं नाव, "शिवा, अंगात स्वेटर घाल की रे." मी स्वेटर घालून पुढ्यात येईपर्यंत शिवा संपलेला असायचा. मी खोलीच्या दाराशी, गिरणीत, न्हाणीघराशी जाऊन उभा राहायचो आणि स्वतःला विचारायचो, आत्ता मी काय म्हणून आत जाऊ?

खालाचं म्हणणं साधं होतं. "उनो जो बोले सो हौ बोल. भाई बोले तो भाई. क्या जाता तेरा?" अण्णांना ते अजिबात पटत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण हो म्हणत गेलो तर ती जास्तच लांब जाईल. म्हणून रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की अंगावरचं पीठ झटकून ते तिच्यासमोर बसायचे आणि परीक्षा घ्यायचे.

"मी कोन हाय सांग."

माय खाली बघायची.

"नीट बघ की. कोन हाय मी?"

"तुमी... गिरनीवाले."

"व्हय, गिरनीवाला. पन तुजा कोन?"

ती माझ्याकडं बघायची. मी ओठ हलवून दाखवायचो, ते अण्णांना दिसायचं आणि ते माझ्यावर चिडायचे. ती घाबरून हातातला पदर पिळत राहायची, कधी रडायची. अण्णाही उठून बाहेर जाऊन उभे राहायचे. मला दोघांचाही राग यायचा. खरं सांगावं तर छळ होतो, खोटं बोलावं तर ती आपल्या हातानं आणखी दूर लोटल्यासारखी वाटते. मग करायचं काय माणसानं? आजही मला कोणी विचारलं तर नक्की सांगता येणार नाही.

असं करत करत येळवस आली. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप करायची, तिच्यात चुना लावलेल्या दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर जेवायचं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आपल्या रानात जेवायचं, मग शेजारच्या रानात, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवायचं. उमरग्याच्या रस्त्याला आमचं थोडं रान होतं, वाट्यानं दिलेलं. मायच्या भज्जीसाठी लोक लांबून यायचे. हिरवी तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, चुका, सगळं बेसनात शिजवून ती जे करायची ते दुसऱ्या कोणाला जमत नसे.

मी म्हणालो, यंदा राहू द्या. अण्णा म्हणाले, "न्हाई. रान बघितलं, कोप बघितली की तिला समदं आठवंल. तू बघच." मला पटलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी काहीतरी दिसत होतं, म्हणून मी हो म्हणालो. भज्जी मी आणि खालानं केली. मायला हिरवी साडी नेसवली, टमटम केली आणि निघालो. वाटेत ती खुशीत होती. बाहेर बघत हात जोडत होती, कोणाला ते कळत नव्हतं.

पूजा झाली. अण्णा आंबील शिंपडत रानाला फेरी घालायला निघाले. खाला पाहुण्यांना वाढत होती. मी विहिरीवरून पाण्याची घागर भरून आणली आणि बघतो तर कोपीपाशी माय नाही. खालाला वाटलं माझ्याबरोबर विहिरीकडं गेली. मला वाटलं अण्णांबरोबर असेल. अण्णा एकटेच फेरी पुरी करून आले.

त्यानंतरचं सगळं माझ्या डोक्यात तुकड्या-तुकड्यांत आहे. आधी विहीर. अण्णा काठावर पालथे झोपून आत बघत होते आणि मी त्यांचे पाय धरले होते. पाणी हिरवं, शांत. मग दुसऱ्याची विहीर, मग तिसऱ्याची. मग आम्ही दोन बाजूंना गेलो. त्या दिवशी प्रत्येक रानात माणसं, प्रत्येक बांधावर बायका, आणि जिच्याकडं बघावं तिच्या अंगावर हिरवी साडी. मी विचारायचो, "हिरव्या लुगड्यातली बाई बघितली का?" लोक हसायचे. "कोंची? हितं समद्या हिरव्याच हायत. बस, जेवून जा." कोणी हाताला धरून खाली बसवायचं, कोणी आंबिलीचा पेला हातात द्यायचं. मला सांगता यायचं नाही. माझी आई हरवलीय म्हणालो तर म्हणायचे, एवढा मोठा झालास आन् आई हरवली म्हनून रडायलास? गंमत करायलाय वाटायचं त्यांना. तोंडात त्यांनी कोंबलेला उंडा आणि डोळ्यात पाणी, असा मी बांधावरून पळत होतो. अण्णांच्या नव्या मोबाइलला रेंज नव्हती. करडईचे काटे पायाला ओरबाडत होते. मला एकदा वाटलं, ती सापडली नाही तर आता बरंच होईल का? आणि लगेच वाटलं, हे कोणाला वाटलं, मला? मी तसाच पुढं पळालो.

उन्हं कलली होती. ओढ्याच्या पलीकडं, आम्ही कधी न गेलेल्या एका रानात, एक मोठी पंगत बसलेली दिसली. आणि पंगतीतून एक बाई पदर खोचून, भज्जीचं पातेलं कमरेवर घेऊन वाढत चालली होती. चाल ओळखीची होती, पण इतक्या महिन्यांत मी ती चाल पाहिलेली नव्हती. माय आग्रह करत होती. "घ्या की, लाजायलाव कामून? उंडा घ्या, त्याशिवाय भज्जीला चव न्हाई."

त्या रानाची मालकीण गौरम्मा, साठीची बाई, कोपीच्या तोंडाशी बसली होती. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अय्यो शिवने! माजी सून बाळंतपनाला गेलेली, वाढायला हात न्हाई, म्या एकलीच. ही आली, पदर खोचला, लागली की कामाला. म्या इच्यारलं, कोनाची गं तू? तर म्हनली, हितलीच हाय. मला वाटलं, आमच्या पाव्हन्यातली असंल कोनी."

मी मायजवळ गेलो. "माय, चल, घरी जाऊ." तिनं मला नखशिखांत बघितलं. "बसा की आदी. जेवल्याशिवाय कसं जायलाव?" मी तिचा हात धरला तशी ती दचकून मागं सरली आणि गौरम्माच्या आडोशाला गेली. "ह्यो कोन हाय? माजा हात धरायलाय!" पंगतीतली दोन माणसं उठून उभी राहिली. एकानं माझी कॉलर धरली. गौरम्मा कन्नडमधून त्यांच्यावर ओरडली तेव्हा ती खाली बसली, पण माय आडोशातून बाहेर येईना. मला तिच्यापुढं कसं उभं राहावं ते कळेना. एवढ्यात बांधावरून अण्णा येताना दिसले. धोतराला चिखल, टोपी कुठं पडली कोणास ठाऊक. मी मनात म्हणालो, आता इथं सगळ्यांसमोर ते तिची परीक्षा घेणार.

अण्णा आले, थांबले. माय गौरम्माच्या मागून त्यांच्याकडं बघत होती. मग त्यांनी चपला काढल्या आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले. एक पत्रावळ स्वतःच पुढं ओढली. माय आडोशातून बाहेर आली. तिनं पातेलं उचललं, त्यांच्यापुढं आली आणि वाढलं.

"कुठल्या गावचे पाव्हने?"

"कल्यानचा हाय." अण्णा म्हणाले. "गिरनी हाय माजी."

"घरची मानसं न्हाई आनली?"

"आनली व्हती की."

"मंग कुठं हायत?"

अण्णांनी पत्रावळीकडं बघितलं. "हितंच कुठं तरी हाय ती. वाट चुकली."

"जेवली का?"

"न्हाई. सकाळपासनं उपाशीच हाय."

मायनं पातेलं खाली ठेवलं. "आन् तुमी खुशाल जेवाय बसलाव?" ती अशी रागावली की सगळी पंगत हसली. तिनं एक मोठं ताट घेतलं, त्यात भज्जी, उंडे, पोळी, वाटीत खीर असं सगळं भरलं आणि अण्णांच्या पुढं धरलं. "हे तिला नेऊन द्या. आदी तिला द्या." अण्णांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "मी दिलं तर ती घेत न्हाई. माज्यावर रुसलीय. तुमी चला, तुमच्या हातानं द्या. मी घराला नेतो तुमास्नी." माय विचारात पडली. गौरम्माकडं बघितलं. गौरम्मा म्हणाली, "जा गं बाय, पुन्याचं काम हाय. ताट राहू दे तुज्याकडंच."

आणि माय आली. टमटममधे ती आणि खाला मागं, ताट तिच्या मांडीवर, वर पदर झाकलेला. खड्डा आला की ती ताट वर उचलायची. सगळ्या रानांत हेंडगे, म्हणजे कडब्याच्या मशाली, पेटवून पोरं पळत होती, धुराचा वास येत होता. अण्णा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांची पाठच मला दिसत होती. मी विचार करत होतो, घरी गेल्यावर ती ताट कोणाला देणार? अण्णा काय सांगणार? मला राग आला होता का, की मोठं काहीतरी बघितलं असं वाटत होतं? दोन्ही होतं. इतके महिने ज्यांनी तिला खरं तेच विचारलं, त्यांनी एका दिवसात तिला इतकं छान फसवलं. आणि ती परत आली होती, पण आमच्यासाठी नाही.

घरी उंबऱ्यावर बसून तिनं आत हाक मारली. "अगं बाई, हायस का?" आत अंधार. खालानं दिवा लावला. माय प्रत्येक खोलीत जाऊन आली, गिरणीतही डोकावली. "कुठं गेली तुमची बायको?"

"यील," अण्णा म्हणाले. "तुमी जेवून घ्या तवर. तुमी बी जेवला न्हाईत."

"तिच्या वाटनीचं मी कसं खाऊ?"

ती ताट घेऊन बसून राहिली. मी समोर बसलो होतो, मला वाटलं, आता रात्र अशीच जाणार. पण भूक लागली होती तिला. शेवटी तिनं स्वतःच ताटाचे दोन भाग केले. मधोमध बोट फिरवून, खीरसुद्धा दुसऱ्या वाटीत अर्धी ओतून. अर्धं तिनं खाल्लं, मन लावून, बोटं चाटून. अर्धं टोपल्याखाली झाकून ठेवलं, वर वरवंटा ठेवला, आणि झोपायला गेली.

सकाळी मी उठलो तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात उभे होते. टोपलं बाजूला काढलेलं. भज्जी गार झाली होती, वर साय धरली होती, आणि ते उभ्या-उभ्याच ती शेवटच्या कणापर्यंत निपटून खात होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. ताट विसळून पालथं घातलं. इतक्यात माय उठून आली, केस सुटलेले, आणि पहिलं पालथ्या ताटाकडं बघितलं.

"आली व्हती का ती?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "आली व्हती. जेवून गेली."

"काय म्हनली?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. पीठ अजून अंगावर पडायचं होतं, चेहरा स्वच्छ होता त्यांचा. "म्हनली, असली भज्जी जन्मात खाल्ली न्हाई."

माय लाजली. पदर तोंडाला लावून हसली, आणि केस विंचरून घ्यायला माझ्यापुढं पाठ करून बसली.